अडीच फुटांची हिरवळ

घराचा प्लॅन काढताना सगळ्यात शेवटी रेघ पडते ती कम्पाउंडची. ती रेघ आणि घराची भिंत यांच्यात जी जागा उरते, तिला आपण रुबाबात ‘साइड मार्जिन’ म्हणतो. नांदेडच्या तरोड्यात जा नाहीतर लातूरच्या औसा रोडला, ही पट्टी सगळीकडे सारखीच. लांबी वीस-पंचवीस फूट, रुंदी इतकी की शिडी उचलून नेताना माणसाला तिरकं व्हावं लागतं. तिथं काय असतं? एसीचं आउटडोअर युनिट, बाथरूमचा पाइप, बांधकामातून उरलेल्या चार शहाबादी फरश्या, आणि गेल्या गणपतीतलं मखर.

आता मात्र या बिचाऱ्या पट्टीला बरे दिवस आलेत. या कॉलमकडे येणाऱ्या मेल्समध्ये सध्या एक प्रश्न हमखास असतो : “बाजूच्या पट्टीत ते लांब पात्यांचं शोभेचं गवत लावायचंय. हॉटेलच्या एन्ट्रन्सला असतं ना, वाऱ्यावर डुलणारं, तसलं. पण तिथं ऊन येत नाही. कुठलं घेऊ?”

प्रश्न सही आहे, कारण अरुंद जागेला गवतासारखं दुसरं काही शोभत नाही. जास्वंद लावली की दोन वर्षांत वाट बंद. पाती मात्र वर जातात, कमानीसारखी वाकतात, जागा अडवत नाहीत. अडचण फक्त त्या शेवटच्या वाक्यात आहे. ऊन येत नाही.

गवत म्हणजे उन्हाचं लेकरू

आपण मराठवाड्यातली माणसं गवतावरच जगतो, हे कधी लक्षात आलंय? ताटातली ज्वारीची भाकरी हे गवत. कारखान्याला जाणारा ऊस हे गवत. मका गवत, बाजरी गवत, गणपतीच्या दुर्वा म्हणजे आपली हरळी, तीही गवतच. आणि यातलं एकही पीक कुणी आंब्याखाली घेत नाही. आजोबांना विचारा, ते सांगतील : बांधावरच्या झाडाची सावली जिथवर पडते, तिथवर ज्वारी उठत नाही.

यामागचा फंडा शास्त्रज्ञांनी उसाच्या पानावरच उलगडला. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या जोडीने 1966 साली दाखवून दिलं की ऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट वापरत नाही. आधी गोळा करतो, मग आतल्या पेशींमध्ये कोंबतो. एक जादा पंपच म्हणा ना. ज्वारी, मका, हरळी यांच्याकडेही हाच पंप आहे. कडक उन्हात आणि उकाड्यात त्याचा जबरदस्त फायदा होतो. पण पंप चालवायला जादा ऊर्जा लागते आणि ती येते उन्हातून. सावलीत काय होणार? कमाई निम्मी, पंपाचं बिल तेवढंच. रोप पिवळं पडतं, लांबतं, आडवं होतं आणि एक दिवस निरोप घेतं.

म्हणून नर्सरीत दिसणारं ते जांभळ्या पात्यांचं, कोल्ह्याच्या शेपटीसारख्या तुऱ्यांचं फाउंटन ग्रास तुमच्या पट्टीसाठी बाद. पंपास बाद. वाळा बाद. मेक्सिकन आणि कोरियन लॉनचे गालिचेही बाद. गवती चहा सावलीत मरत नाही, पण त्याची पाती बारीक होऊन लोळतात आणि चहात वासही येत नाही. तो गेटजवळच्या उन्हाच्या कोपऱ्यात लावा. घराच्या कडेला बांबू लावायची टूमही हल्ली निघालीय. बांबूही गवतच. लातूर जिल्ह्यात पाशा पटेलांनी बांबूची मोहीम इतकी लावून धरली की तो विषय आता घरोघरी पोचलाय. बांधावर जरूर लावा. पण त्याचं बेट वर्षागणिक रुंदावत जातं आणि अडीच फुटांत ते तुमच्या भिंतीशी नाहीतर शेजाऱ्याशी भांडण काढणार.

नावात गवत, घराणं वेगळं

मग पट्टीत लावायचं काय? नावाला आणि दिसायला गवत, पण उन्हाचा हट्ट नसलेलं काहीतरी. उलटं उदाहरण तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गाजरगवत! नावात गवत आहे, पण ते आहे सूर्यफुलाच्या घराण्यातलं. तसंच नर्सरीत ‘ग्रास’ म्हणून विकली जाणारी निम्मी रोपं गवत नसतातच. त्यातली बरीचशी शतावरीच्या घराण्यातली निघतात. जंगलात मोठ्या झाडांच्या पायाशी वाढायची सवय असल्यामुळे कमी उजेडात ती मजेत राहतात. आपल्या कामाचा माल तोच.

*मोंडो ग्रास.* यादीत पहिला नंबर याचा. गडद हिरवी बारीक पाती, उंची सहा-आठ इंच. बुटकी जात तर दोन-तीन इंचांचीच. कापायला लागत नाही, मशीन फिरवायला लागत नाही. फक्त वाढतं अगदी निवांत. ‘महिन्याभरात गालिचा’ हवा असेल तर हे तुमच्यासाठी नाही. बुटकी जात शहाबादी फरश्यांच्या फटींत लावली की वाटही होते आणि हिरवळही. पांढऱ्या रेघांची जात अंधारी जागा उजळवते. काळ्या पात्यांचं मोंडो फोटोत झकास दिसतं, पण ते थंड हवेतलं. आपल्या मे महिन्यापुढे त्याचं काही चालत नाही.

*स्पायडर प्लांट.* सगळ्यांच्या ओळखीचं, आणि म्हणूनच दुर्लक्षित. हे क्लोरोफायटम. पावसाळ्यात कोकणातल्या बाजारात मिळणारी फोडशी आणि आयुर्वेदातली सफेद मुसळी ही त्याची जवळची भावंडं. सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात तर आपली बोरिवली आहे : क्लोरोफायटम बोरिविलियानम. स्पायडर प्लांटच्या जाड, मांसल मुळांत पाणी साठतं, त्यामुळे तुम्ही लग्नाला गावी गेलात तरी चार-सहा दिवस ते गप्प बसतं. शिवाय दांड्याला पिल्लं धरतात. पहिल्या वर्षी पाच कुंड्या आणा, दुसऱ्या वर्षी शेजारणीलाही वाटा.

*डायनेला.* दीड-दोन फूट उंच, तलवारीसारखी पाती, कडेला पांढरी किंवा पिवळी रेघ. मोकळ्या आभाळाचा उजेड असेल तिथे हा हीरो आहे. एकदा रुजला की पाण्याच्या बाबतीतही समंजस. कधी निळी फळं धरली तर लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

*लिरिओपी.* मोंडोचा थोरला भाऊ. फूटभर उंच, वर जांभळे तुरे. फार अंधारात तुरे कमी येतात, पाती छान राहतात. मिळालं तर सोडू नका.

*छत्री गवत.* हे लव्हाळ्याच्या घराण्यातलं, उटण्यातल्या नागरमोथ्याचं नातलग. नागरमोथ्याचा दांडा बोटांत फिरवून बघा, तिधारी लागतो. गवताचा दांडा गोल असतो. छत्री गवताला पाय ओले लागतात. त्यामुळे वॉशिंग मशीनचा पाइप जिथे सुटतो, ती कायम चिखलाची जागा याला देऊन टाका. त्याच्या शेजारी बाळगुटीतलं वेखंड लावा. त्यालाही ओलच आवडते.

आणि ज्यांना खऱ्या गवताचाच हट्ट आहे, त्यांच्यासाठी अपवाद आहेत. रुंद पानांचं कार्पेट ग्रास झाडाखालच्या सावलीत चालतं, पण पाणी मागतं. पांढऱ्या पट्ट्यांचं सेंट ऑगस्टीनही अर्ध्या सावलीत तग धरतं.

आधी सावली मोजा

नर्सरीत जायच्या आधी एक रविवार पट्टीला द्या. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता तिथे उभे राहा आणि जमिनीवर हात धरा. हाताची कड स्पष्ट उमटली तर ते ऊन. सावली पुसट पण बोटं मोजता आली तर उजेडाची सावली, म्हणजे डायनेलाची जागा. सावलीच दिसली नाही तर गडद अंधार. तिथं मोंडो किंवा स्पायडर, नाहीतर सरळ गोटे टाका.

पट्टी पश्चिमेला असेल तर स्वतःला फसवू नका. सकाळभर सावली असते, पण तीन ते पाचचं ऊन सगळा हिशेब चुकता करतं. त्याला सावली म्हणत नाहीत.

उत्तरेच्या पट्टीची गोष्ट तर अजून मजेशीर. पुस्तकं सांगतात, उत्तरेची बाजू कायम सावलीत. ती पुस्तकं लंडन-न्यूयॉर्कची. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. मेच्या मध्याला लातुरात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी नांदेडात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तोच तो ‘शून्य सावलीचा दिवस’. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ज्या पट्टीत दसऱ्यापासून होळीपर्यंत उन्हाचा थेंब नाही, तिथेच एप्रिलअखेरपासून पाऊस येईपर्यंत दुपारचं 42-43 डिग्रीचं ऊन उभं कोसळतं. जानेवारीत खूश असलेली रोपं मेमध्ये का करपली, याचं उत्तर बऱ्याच घरांत एवढंच आहे. उपायही स्वस्त आहे. तेवढा महिना-दीड महिना हिरवी शेडनेट ताणा, नाहीतर आईची जुनी कॉटनची साडी. जूनच्या ढगांनी आभाळ धरलं की काढून टाका.

पाण्याचा हिशेब

आता मुद्द्याचं. शोभेच्या रोपांवर बोलताना लातूरकराने पाण्याबद्दल बोलायचं नाही, हे शक्यच नाही. 12 एप्रिल 2016च्या पहाटे मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पोचली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. 2011च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 80 हजार होती. ती पहिली खेप सारखी वाटली असती तर माणशी सव्वा लिटर आलं असतं. नंतर 50 वाघिणींच्या गाड्या आल्या, मग पाऊस आला, मांजरा धरण भरलं. पण ज्यांनी त्या उन्हाळ्यात घागरींची रांग लावली, ते हिरवळीकडे आजही दोन डोळ्यांनी बघतात. एक डोळा सौंदर्याचा, दुसरा टँकरच्या बिलाचा.

म्हणून एक आकडेमोड करून बघू. तुमची पट्टी 2 फूट बाय 20 फूट, म्हणजे 40 चौरस फूट. चौरस मीटरमध्ये साधारण 3.7. एका वेळी 5 मिलिमीटर पाणी द्यायचं तर लागतं साडेअठरा लिटर. एक मोठी बादली! वर पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरलं असेल तर सावलीत ही बादली उन्हाळ्यातही दोन-तीन दिवसांतून एकदा पुरते. आता घरासमोरच्या उन्हातल्या 200 चौरस फुटांच्या लॉनचं बघा. तेवढंच 5 मिलिमीटर पाणी म्हणजे 93 लिटर, आणि मेमध्ये ते लागतं रोज. दोन आठवड्यांत तेराशे लिटर, घराच्या छतावरची मोठी टाकी भरून.

म्हणजे ज्या अंधाऱ्या पट्टीला आपण अडगळ समजत होतो, तीच मराठवाड्यातल्या घराची एकमेव जागा आहे, जिथे उन्हाळ्यातली हिरवळ परवडते आणि मनालाही टोचत नाही. ऊन नाही म्हणून तक्रार कसली करायची? सावली हीच तिथली सबसिडी आहे.

बादली कुठून भरायची, हेही बघा. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी, बेस्ट. एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी हवेतली वाफ थंड होऊन आलेलं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. पावसाळ्याच्या आगेमागे ते जास्त मिळतं, कोरड्या मेमध्ये कमी. आरओ मशीन बाहेर टाकतं ते पाणी मात्र क्षारांनी भरलेलं असतं. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात हे घातलं की स्पायडर प्लांटच्या शेंड्यांना तपकिरी टोकं आलीच म्हणून समजा. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पांढरट पाणीही त्याच जातीचं. ते फरशी पुसायला ठेवा.

आणि एसीच्या आउटडोअर युनिटसमोर तीन फूट काहीही लावू नका. ती गरम झोत मारणारी भट्टी आहे. तिथं गोटे, बास.

लावायचं कसं

मुहूर्त पावसाळ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेलं रोप दिवाळीपर्यंत मुळं धरतं. आपल्याकडे येणारा बराच माल आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडून ट्रकने येतो. कडियम आपल्या गोदावरीच्याच काठचं, पण तिथल्या दमट हवेत वाढलेलं रोप नांदेडच्या कोरड्या हवेत गांगरतं. आणल्याबरोबर जमिनीत घालू नका. आठ-दहा दिवस व्हरांड्यात ठेवा, घरच्यासारखं वाटू द्या, मग लावा.

पट्टी खणली की माती कमी आणि बांधकामाचा मलबा जास्त निघतो. फूटभर काढून टाका. नुसती काळी माती भरू नका. सावलीत ती ऑगस्टभर चिकट राहते आणि मुळं कुजतात. काळी माती, वाळू किंवा बारीक मुरूम, आणि कुजलेलं शेणखत, तिन्ही सारखं. आणखी एक गोष्ट काळ्या जमिनीवर घर असणाऱ्या सगळ्यांसाठी. ही जमीन पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. घराच्या पायाशी एकाच बाजूने रोज पाणी मुरवलं की भिंतीला तडे जायची भीती असते, आतून ओल येते ती वेगळीच. म्हणून वाफा कम्पाउंडच्या बाजूला धरा, घराची भिंत फूटभर कोरडी सोडा. पाणी झारीने द्या, पाइप सोडून फोनवर बोलत बसू नका.

किती रोपं? मोंडो सहा इंचांवर, म्हणजे चौरस फुटाला चार. 40 चौरस फुटांना 160! घाबरू नका, भरलेली एक पिशवी सोडवली की तीन-चार जुड्या निघतात. डायनेला दीड फुटावर, एका ओळीत तेरा-चौदा पुरे. आणि प्लीज, सात प्रकार आणू नका. अरुंद जागेत दोनच जाती आलटून पालटून लावल्या की पट्टी लांब आणि शांत दिसते. सातांची जत्रा भरवली की नर्सरीचा ट्रक उलटल्यासारखं वाटतं.

आईचा प्रश्न

‘गवत’ हा शब्द घरात उच्चारलात की आईचा पहिला प्रश्न ठरलेला : “साप?” तो हसण्यावारी नेऊ नका. सापाला पाती नको असतात. त्याला अडगळ, बिळं आणि उंदीर हवे असतात. म्हणून आधी त्या चार फरश्या आणि मखर हलवा. वीतभर उंचीचं मोंडो आणि मोकळी स्वच्छ वाट असलेली पट्टी आजच्या अडगळीपेक्षा कधीही सुरक्षित.

दुसरा पाहुणा गोगलगाय. 2022च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडच्या कोवळ्या सोयाबीनवर शंखी गोगलगाईंनी कसा ताव मारला, ते शेती असणाऱ्या घरांना आठवत असेल. सावली आणि ओल हे त्यांचं फाइव्ह स्टार हॉटेल. संध्याकाळी ओलं पोतं पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. औषधाची गरज पडत नाही. कुंडीखालच्या बशांत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास तिथेच जन्म घेतो.

‘मग प्लास्टिकचं गवत काय वाईट?’ असंही कुणी विचारेल. वाईट इतकंच की ते उन्हात तापतं, सावलीत कुबट होतं, आणि त्याला पिल्लं होत नाहीत.

*थोडक्यात :* गडद सावली – मोंडो, स्पायडर. उजेडाची सावली – डायनेला, लिरिओपी. ओली जागा – छत्री गवत, वेखंड. पश्चिमेचं ऊन – गवती चहा. एसीसमोर – गोटे.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. नऊ, बारा आणि तीनचा अलार्म लावा आणि पट्टीत हात धरून उभे राहा. शेजारच्या काकू गच्चीवरून विचारतीलच, “काय रे, काय हरवलं?” सांगा, सावली मोजतोय. आणि नंतर स्पायडर प्लांटचं पहिलं पिल्लू त्यांनाच द्या.